सुरकुत्यांवर पैसे घालवण्याआधी: पुणेकरांसाठी पायरी-पायरीने

सुरकुत्यांवर काही करायचं ठरलं की बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी पार्लरमधलं 'अँटी-एजिंग' फेशियल, मग मोबाइलवर जाहिरात दिसलेलं महागडं सीरम, मग कुणा मैत्रिणीने केलं म्हणून बोटॉक्सची चौकशी. सनस्क्रीन मात्र फक्त महाबळेश्वरला जाताना. मी स्वतः या सगळ्या गल्ल्यांमधून फिरून आले आहे आणि आता माझं मत पक्कं झालंय: आधी ऊन आवरायचं, मग रात्रीचं एकच औषध, आणि त्यानंतरही काही उरलं तर सुई. खाली त्याच क्रमाने लिहिलंय. पुरुषांनीही वाचावं. दाढीनंतरच्या लोशनखेरीज चेहऱ्याला काही न लावता आयुष्यभर दुचाकी चालवणाऱ्यांना तर हे जास्तच लागू आहे.

१. आधी आरशात नीट बघा

दिवसाउजेडी खिडकीजवळ उभं राहा आणि चेहरा पूर्ण सैल सोडा. मग भुवया उंचवा, कपाळाला आठ्या घाला, मोठ्ठं हसा. पुन्हा सैल सोडा.

ज्या रेषा फक्त हालचालीच्या वेळी दिसतात आणि नंतर जातात, त्या स्नायूंमुळे पडतात: कपाळावरच्या आठ्या, दोन भुवयांमधल्या उभ्या रेषा, हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या. चेहरा शांत असतानाही ज्या दिसतात, त्या त्वचेतलं कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) कमी झाल्याने तिथे मुक्कामाला आलेल्या असतात. तिसरा प्रकार म्हणजे नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी. ती मुख्यतः गालातली चरबी कमी झाल्याने आणि त्वचा उतरल्याने पडते, त्यामुळे तिच्यावर क्रीमचा फारसा उपयोग होत नाही. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले की 'सगळ्या सुरकुत्यांवर एकच उपाय' असं सांगणारी जाहिरात किती खरी, हे आपोआप कळतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असल्यामुळे बारीक सुरकुत्या गोऱ्या युरोपीय लोकांपेक्षा उशिरा येतात. आपल्याकडे उन्हाचा परिणाम आधी डाग, काळपटपणा आणि असमान रंग यांतून दिसतो. म्हणून अनेकांना 'वय दिसतंय' असं वाटतं, तेव्हा तक्रार खरं तर सुरकुत्यांची नसून डागांची असते, आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

याच पायरीवर दोन छोटी कामं उरकून घ्या. एक, मोबाइल लांब धरून डोळे बारीक करून वाचत असाल, तर डोळे तपासून चाळिशी लावा. दिवसभर भुवया आक्रसून भुवयांमध्ये रेषा आणणारे आणि मग त्यावर क्रीम शोधणारे लोक मी पाहिले आहेत. दोन, चेहऱ्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. तीच खिडकी, तीच वेळ, फ्लॅश नको. पुढे औषध चालतंय की नाही हे याच फोटोंवरून ठरवायचं आहे. आरसा रोज पाहिला की फरक कळत नाही.

२. ऊन अडवा, आणि स्कार्फवर विसंबू नका

अकाली सुरकुत्यांचं सगळ्यात मोठं कारण ऊन आहे. त्याच्या मागोमाग तंबाखू. सिगारेट, बिडी चालू ठेवून क्रीम लावणं म्हणजे नुसता खर्च.

पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. एप्रिल-मे मधल्या निरभ्र दुपारी इथला यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ११ च्या पुढे जातो, आणि ११ पासूनच्या पातळीला जागतिक आरोग्य संघटना 'अतितीव्र' म्हणते. पावसाळ्यात ढग असले तरी अतिनील किरणांचा बराच भाग खाली पोहोचतो. म्हणजे 'आज ऊन नाही' ही सबब चालत नाही.

अतिनील किरणांचे दोन प्रकार लक्षात ठेवा. यूव्हीबी वरच्या थराला भाजतात. यूव्हीए खोलवर जाऊन कोलॅजन मोडतात, वर्षभर येतात, आणि साध्या काचेतून आरपार जातात. सुरकुत्यांच्या दृष्टीने खरा शत्रू यूव्हीए. अमेरिकेत २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला होता. तिकडे चालक डावीकडे बसतो, खिडकी डाव्या बाजूला. त्याचा चेहरा डाव्या अर्ध्या भागात उजव्यापेक्षा कित्येक वर्षांनी म्हातारा दिसतो. आपल्याकडे हेच उजव्या गालाला होणार. गाडीची पुढची काच बरंच अडवते, बाजूच्या काचेची तशी खात्री नाही. हिंजवडीला रोज कार नेणाऱ्यांनी आणि ऑफिसात खिडकीशेजारी बसणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.

आता आपला लाडका स्कार्फ. डोळे तेवढे उघडे ठेवून अख्खा चेहरा गुंडाळलेल्या, सनकोट आणि हातमोजे घातलेल्या दुचाकीवरच्या बायका ही पुण्याची ओळखच आहे, आणि ही सवय चांगलीच आहे. पण तीत दोन भोकं आहेत. पहिलं, पातळ, फिकट रंगाचं, विरळ विणीचं सुती कापड अतिनील किरण फार कमी अडवतं. स्कार्फ उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत असेल तर ऊनही आत येतंय. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या, किंवा दुपदरी बांधा. दुसरं भोक मोठं आहे: नेमकी डोळ्यांभोवतीची जागा, जिथली त्वचा सगळ्यात पातळ आणि जिथे रेषा सगळ्यात आधी येतात, तीच उघडी राहते. त्यात उन्हाने आणि धुळीने डोळे बारीक होतात ते वेगळंच.

उपाय सोपा आहे. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, त्याला चांगली पॉलिकार्बोनेटची काच. ही काच बहुतेक अतिनील किरण अडवते. काच खरवडली गेली असेल तर बदला, कारण खरवडलेल्या काचेतून बघताना पुन्हा डोळे आक्रसतात. अर्धं हेल्मेट वापरत असाल तर यूव्ही संरक्षण लिहिलेला, बाजूंनी झाकणारा गॉगल हवा. नुसती काळी काच उपयोगाची नाही. तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरण अडलेच नाहीत तर डोळ्यांना त्रास जास्त. (हेल्मेट हवं की नको या पुणेरी वादात मला पडायचं नाही. सुरकुत्यांपुरतं सांगायचं तर हवं.)

३. सनस्क्रीन: किती, कोणतं, कधी

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या सुमारे ९०० माणसांवर साडेचार वर्षं एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांच्या त्वचेचं म्हातारपण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळलं. सुरकुत्या टाळण्यासाठी इतका भक्कम पुरावा असलेली दुसरी बाटली बाजारात नाही.

घेताना काय बघायचं:

एसपीएफ, म्हणजे यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आकडा, ३० किंवा ५०. एसपीएफ ३० यूव्हीबीचे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. पुढच्या मोठ्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. त्यापेक्षा यूव्हीएचं संरक्षण बघा: पीए पुढे तीन किंवा चार अधिक चिन्हं, किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असा उल्लेख. चेहऱ्यावर डागही असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या. ते दृश्य प्रकाशालाही अडवतं आणि पांढरटपणाही येत नाही. त्वचा तेलकट असेल तर जेल, कोरडी असेल तर क्रीम. ब्रँड कोणता, यावर मी काही सांगणार नाही. जे तुम्ही कंटाळा न करता रोज लावाल ते.

खरी गडबड प्रमाणात होते. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढा. तेवढं चेहरा आणि गळा यांना लागतं. आपण लावतो त्याच्या निम्म्याहून कमी, आणि मग 'सनस्क्रीनने काही होत नाही' म्हणतो. कान, मान, गळ्याची व्ही आकाराची जागा आणि हातांचे पंजे विसरू नका. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसभर ऑफिसात असाल तर सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा, इतकं मी पुरेसं मानते. डे क्रीममधलं एसपीएफ १५ किंवा कॉम्पॅक्टमधलं एसपीएफ हे सनस्क्रीन नाही, कारण तेवढ्या जाड थरात ते कुणी लावत नाही.

४. धुणं आणि ओलावा

ही पायरी छोटी. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, त्यानंतर चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. अंगाचा साबण चेहऱ्याला नको, विशेषतः बोअर किंवा टँकरचं जड पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये. साबणाचा थर चेहऱ्यावर बसून त्वचा ओढल्यासारखी होते. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या हवेत बारीक रेषा जास्त दिसतात, त्यातल्या बऱ्याच निव्वळ कोरडेपणाच्या असतात आणि ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड किंवा सेरामाइड असलेल्या साध्या मॉइश्चरायझरने निघून जातात. दिवसाला चार लिटर पाणी प्यायल्याने सुरकुत्या जात नाहीत. तहान लागेल तेवढं प्या.

५. रात्रीचं औषध: ट्रेटिनॉइन किंवा त्याचे भाऊबंद

चेहऱ्यावर आधीच असलेल्या बारीक सुरकुत्या कमी करण्याचा सर्वांत जास्त अभ्यास झालेला लेप म्हणजे ट्रेटिनॉइन. हे जीवनसत्त्व 'अ'चं एक रूप. मूळ औषध मुरमांचं. उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी अमेरिकेत १९९५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते त्वचेला नवं कोलॅजन तयार करायला लावतं. भारतात ते चिठ्ठीवरच मिळायला हवं. मेडिकलवाला तसंच देईलही, पण घेऊ नका. एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या. ट्यूब काहीशे रुपयांत येते आणि महिनोन्‌महिने पुरते. फॅन्सी सीरमपेक्षा कितीतरी स्वस्त.

सुरुवात बहुतेकांना ०.०२५ टक्क्यांनी करायला सांगतात. लावायची माझी पद्धत, डॉक्टरांनी सांगितलेली:

रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वीसेक मिनिटं थांबा. ओल्या त्वचेवर लावलं तर जळजळ वाढते. वाटाण्याएवढं औषध अख्ख्या चेहऱ्याला. ठिपके लावून पसरवा. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. तिथे आधीच थोडी पेट्रोलियम जेली लावली तर उत्तम. वर मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर औषधाच्या आधी एक थर आणि नंतर एक थर. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, सोसलं तर एक रात्रीआड, मग रोज. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन लावणार नसाल, तर हे सुरूच करू नका.

पहिल्या महिना-दीड महिन्यात पापुद्रे निघतात, चेहरा लालसर होतो, मुरूम असतील तर वाढल्यासारखे वाटतात. बहुतेक लोक इथेच ट्यूब फेकतात. थोडं निघणं ठीक. आग होत असेल, सूज आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या पायरीतले फोटो आता बाहेर काढा आणि नव्या फोटोंशेजारी ठेवून बघा.

तीन इशारे. गरोदर असाल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर ट्रेटिनॉइन, रेटिनॉल, सगळं बंद. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि पार्लरमध्ये अप्पर लिपचं वॅक्सिंग करण्याआधी आठवडाभर औषध थांबवा, नाहीतर वॅक्ससोबत कातडी निघते. पार्लरवालीला हे औषध चालू असल्याचं सांगा. ती विचारणार नाही.

ट्रेटिनॉइन सोसलंच नाही तर चिठ्ठीशिवाय मिळणारं रेटिनॉल आहे, ते सौम्य आणि हळू. सकाळी सनस्क्रीनखाली जीवनसत्त्व 'क'चं सीरम लावायचं तर लावा, पण ते हवा-उजेडाने लवकर बिघडतं. तपकिरी झालेली बाटली टाकून द्या. पहिल्या दोन गोष्टी जमल्याशिवाय ही तिसरी नको.

६. स्वयंपाकघर, आणि त्याहून वाईट काही

साय, बेसन, मसुराचं पीठ, दिवाळीचं उटणं यांनी चेहरा मऊ होतो, छान वाटतं. सुरकुती जात नाही, पण नुकसानही नाही. खसाखसा घासू नका म्हणजे झालं. लिंबू मात्र चेहऱ्यावर कधीच नको. त्याचा रस तीव्र आम्ल असतो आणि लिंबू लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे डाग उठतात. 'नैसर्गिक रेटिनॉल' म्हणून सध्या गाजणारं बाकुचिओल बावचीच्या बियांतून काढतात. शुद्ध केलेलं बाकुचिओल वेगळं आणि बावचीचं कच्चं तेल वेगळं. त्या तेलात सोरालेन असतात, ती त्वचेला उन्हासाठी हळवी करतात. कोडावरच्या उपचारात बावची वापरतात ती याच गुणामुळे. दुकानातून तेल आणून चेहऱ्याला चोळू नका.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे स्टेरॉइड असलेली क्रीम. 'चेहरा उजळतो, सुरकुत्या जातात' म्हणून शेजारणी एकमेकींना देतात. आठवड्याभरात चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसतो, आणि त्यामुळेच फसायला होतं. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस आणि मुरूम येतात, आणि बंद केलं की आग होते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं तर चेहऱ्यासाठी स्वतःहून वापरू नका. या क्रीम २०१८ पासून चिठ्ठीच्या औषधांमध्ये आहेत. आधीच वापरत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून करा. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटक यातलं काहीच नसलेल्या डब्या तर हातातही घेऊ नका. अशा गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि त्याने मूत्रपिंड बिघडतं.

७. डॉक्टर कसे निवडायचे

पुण्यात दर चौकात 'स्किन क्लिनिक' आहे. पाटी बघू नका, पदवी बघा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, डीव्हीडी यांसारखी पदविका. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पदवी नव्हे. तो काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा कागदही असू शकतो. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. खर्चाची अडचण असेल, किंवा स्टेरॉइडने चेहरा बिघडला असेल, तर स्टेशनजवळच्या ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर जा.

पहिल्यांदा जाताना पिशवीत:

- आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, नावं लिहून नव्हे, प्रत्यक्ष
- चालू गोळ्यांची यादी, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या
- ॲलर्जी, ओठांवर येणारी नागीण, जखमेवर उंच वण येण्याची सवय, मज्जातंतू किंवा स्नायूंचा आजार यांची माहिती
- पहिल्या पायरीतले फोटो
- जुन्या चिठ्ठ्या आणि ओळखपत्र

मेकअप न करता जा. पहिल्याच भेटीत 'पॅकेज' विकायला समुपदेशक बसवत असतील तर चहा पिऊन निघून या. माझ्या बाबतीत एका ठिकाणी डॉक्टरांआधी मासिक हप्त्याचं कोष्टकच पुढे आलं होतं.

८. सुई आणि लेझर

हे ऐच्छिक आहे, न केल्याने काही बिघडत नाही.

बोटॉक्स, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, स्नायू सैल करतं. म्हणून कपाळ, भुवयांमधली जागा आणि डोळ्यांच्या कडांवरच्या हालचालीच्या रेषांना उपयोगी. भुवयांमधल्या रेषांसाठी अमेरिकेने त्याला २००२ मध्ये मान्यता दिली. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन-चार महिने टिकतो. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही. किंमत दर युनिटमागे, म्हणजे औषधाच्या मापाप्रमाणे, विचारा, 'कपाळाचे इतके' असं नको. बाटलीवरचं नाव, बॅच आणि किती युनिट दिली ते कागदावर लिहून घ्या. नंतर चार तास आडवं होऊ नका, चेहरा चोळू नका. क्वचित पापणी उतरते, ती काही आठवड्यांत पूर्ववत होते. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि मायस्थेनियासारख्या स्नायूंच्या आजारात हे करत नाहीत.

फिलर हे भरण्याचं काम, नाकाशेजारच्या घडीसाठी वगैरे. हायलुरॉनिक ॲसिडचंच घ्या, कारण ते हायलुरॉनिडेज नावाचं औषध देऊन विरघळवता येतं. कायमस्वरूपी फिलरला साफ नाही म्हणा. हायलुरॉनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी-निळसर पडते, जोरात दुखतं, दिसणं कमी होऊ शकतं. असं झालं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टर गाठायचे.

लेझर आणि खोल पील यांनी आपल्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका असतो. आपल्यासारख्या वर्णाच्या रुग्णांवर किती काम केलंय ते विचारा, आणि एप्रिल-मेमध्ये करू नका. दिवाळीनंतरचे महिने बरे. सुरकुत्यांसाठी ग्लुटाथिओनचं (गोरेपणासाठी विकतात ते) सलाईन सुचवलं तर उठून या, त्याचा इथे संबंध नाही.

९. बिल आणि तारखा

सौंदर्यासाठीच्या उपचारांना मेडिक्लेम मिळत नाही. साध्या वैद्यकीय उपचारांना जीएसटी नसतो, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रियांवर १८ टक्के लागतो, म्हणून सांगितलेला आकडा करासकट आहे का ते आधी विचारा आणि पक्कं बिल घ्या.

घरात लग्न असेल तर मागून मोजा. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल, तर ट्रेटिनॉइन आषाढाच्या आधीच सुरू व्हायला हवं. बोटॉक्स करायचंच असेल तर किमान महिनाभर आधी, म्हणजे दोन आठवड्यांनी काही कमी-जास्त वाटलं तर दुरुस्त करता येतं. शेवटच्या पंधरवड्यात नवं क्रीम, नवं फेशियल, ब्लीच काहीही नको. आणि नवरी ट्रेटिनॉइन लावत असेल तर हळदीच्या आठवडाभर आधी बंद करायला सांगा. पापुद्रे निघालेल्या चेहऱ्यावर हळद झोंबते, आणि करवल्या काही हळू हाताने लावत नाहीत.